रिकामं करण्याचं काम

मित्रांनो, या लांबलचक इमारतीचा जिना उतरून तळघरात आलात, की भिंतीपलीकडून एक घरघर ऐकू येते. कुणी म्हातारा घसा खाकरत बसला असावा, असं नव्या माणसाला वाटतं. तो म्हातारा मी. मी एक जुना व्हॅक्यूम पंप आहे. बंद भांड्यातली हवा ओढून बाहेर टाकायची आणि आत काही म्हणून उरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. जगात जो तो काही ना काही भरण्याच्या मागे लागलेला असतो. कुणी पोट भरतो, कुणी खिसे, कुणी कपाटं. मी मात्र जन्मभर रिकामं करत आलो. आता दमलो आहे. एका बैठकीत होईल तेवढं सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पोटात गरगर फिरणारी पाती आणि त्या पात्यांभोवती तेल. तेल म्हणजे माझं रक्तच म्हणा ना. ते बारीकसारीक फटी बुजवतं, पात्यांना गार ठेवतं. त्याच्यावाचून मला एक श्वासही ओढता येत नाही. ज्या कारागिराने माझं पोट घासून गुळगुळीत केलं, तो आतून बोट फिरवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. "याच्या पोटात केस जरी अडकला ना, तरी हा खोकेल," असं तो शेजाऱ्याला म्हणाला होता. मग मला हिरवा रंग लागला, खोक्यात भुसा भरून मला बसवलं, आणि मी इथे आलो.

इथे मला एका पोलादी भांड्याला जोडलं. दोन माणसांनी हात पसरले तरच कवेत येईल एवढं ते मोठं. त्याला काचेच्या खिडक्या होत्या आणि चहूबाजूंनी नळ्या फुटल्या होत्या. माझ्या आणि त्याच्या मधल्या नळीत खड्यांनी भरलेला एक सापळा होता. माझ्या तेलाची वाफ चोरपावलांनी भांड्याकडे जायला लागली, की ते खडे तिला धरून ठेवायचे. अधूनमधून सापळा भाजून खडे कोरडे केले की तो पुन्हा ताजातवाना. भांड्याची मालकीण होती एक रसायनशास्त्रज्ञ. सारे तिला मॅडम म्हणत, मी मनातल्या मनात बाई म्हणायचो. बाई उंचीने बेताच्या, पण आवाज असा की जिन्यावरची पोरं गप्प व्हायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना माझ्यासमोर उभं केलं. "दोन ताऱ्यांच्या मधे काय असतं?" त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं, काहीच नसतं. "जवळजवळ काहीच नसतं," बाई म्हणाल्या. "पण त्या जवळजवळमध्येच सगळी गंमत आहे. धुळीचे कण असतात. कणांवर बर्फाचा पापुद्रा असतो. त्यावर ताऱ्यांचा उजेड पडतो आणि बर्फातले रेणू तुटतात, नव्याने जुळतात. आकाशाला यासाठी लाखो वर्षं लागतात. मला एवढा वेळ नाही." मग त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणून आपण इथे आकाशाचा एक तुकडा करायचा. त्यातलं 'काहीच नाही' हा करील."

मित्रांनो, एवढा मान मला नंतर कधी मिळाला नाही.

काम सोपं नव्हतं. मी तासन्‌तास हवा ओढायचो. माझ्या पुढे एक चपळ, शिटी मारणारा पंप बसवला होता, उरलीसुरली हवा तो टिपायचा. भांड्यात बोटभर धातूची पट्टी होती, ती गोठवून गोठवून अशी गार करायचे की तिच्यावर सोडलेला वायू जागच्या जागी बर्फ होई. त्यावर जांभळा दिवा लावायचा. मग पट्टी हळूहळू गरम करायची आणि जे रेणू उडतील ते तोलायचे. हो, रेणू तोलणारं यंत्रही होतं. पडद्यावर टोकदार सुळके उमटायचे. सुळका कुठे उभा राहिला यावरून रेणूचं वजन कळायचं. अशी वर्षामागून वर्षं गेली. आठवड्याचा शेवट मला माहीत नव्हता. बाईंनाही नव्हता.

बाईंचे थोरले भाऊ याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. ते खगोलशास्त्रज्ञ. लहानपणी आईवडील लवकर गेले, तेव्हा बाईंना त्यांनीच वाढवलं होतं. वेण्या घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं. साऱ्या विभागाला धाकात ठेवणाऱ्या बाईंना ते सर्वांदेखत "छकू" म्हणायचे, आणि बाई डोळे वटारायच्या, पण ओ द्यायच्या.

दादांनी रेडिओ दुर्बिणीतून आकाशातला एक ढग पाहिला होता. त्या ढगात नवे तारे जन्माला येत होते. वायूचे रेणू गिरक्या घेतात आणि प्रत्येक जण दुर्बिणीच्या आलेखात आपापल्या ठरावीक जागी रेघ उमटवतो. दादांना तिथे एक अंधूक रेघ दिसली होती, आणि तिच्यावर तीन-चार वेगवेगळे रेणू हक्क सांगू शकत होते. कोणाची म्हणायची? केस काळे होते तेव्हापासून दादा त्या रेघेच्या मागे होते. पत्नीने कंटाळून तिला "माझी सवत" असं नाव ठेवलं होतं.

ते दिवसच तसे होते. आकाशाच्या बातम्यांना तोटा नव्हता. माणसांनी कृष्णविवराच्या सावलीचं चित्र काढलं, परक्या सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेत कोणकोणते वायू आहेत ते ओळखायला सुरुवात केली. रसायनशास्त्रही मागे नव्हतं. कोरड्या हवेतलं पाणी टिपून घेणारे जाळीदार स्फटिक लोक बनवू लागले होते. तळघरात दर सोमवारी कुणीतरी येऊन अशी एखादी बातमी सांगायचं, आणि बाई म्हणायच्या, "छान झालं. आता आपलं बघू या."

आणि एक दिवस आपलंही दिसलं. बर्फातून निघालेल्या रेणूंमध्ये एक लांब साखळी सापडली. सजीवांच्या पेशीभोवती जे पातळ कातडं असतं, त्याच्या कुळातली एक धाकटी साखळी. दादांच्या रेघेवर हक्क सांगणाऱ्यांपैकी ती एक होती! अशा बर्फात ती तयार होते, हे बाईंनी दाखवलं, म्हणजे रेघ तिचीच, असं दादांनी ठरवलं. रेघेला नाव मिळालं.

मग काय विचारता. वर्तमानपत्रांत मोठाले मथळे, कॅमेरे, हारतुरे. "जीवनाचं पहिलं कातडं आकाशात!" एका फोटोत माझाही अर्धा कोपरा आला होता. बाई भाषणांना जाऊ लागल्या. आज या शहरात, उद्या त्या. तळघरात काम चालूच होतं, पण नजर कुणाची नव्हती. माझं तेल मधासारखं होतं ते काकवीसारखं काळं झालं. माझी देखभाल करणारा मेकॅनिक दोनदा येऊन दाराला कुलूप बघून परत गेला. सापळा भाजायचा तर प्रयोग थांबवावा लागतो, आणि प्रयोग थांबवायला कुणाला सवड नव्हती. मला धाप लागायची. बोलता आलं असतं तर हाक मारली असती. घरघर करण्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

एका सकाळी बाईंना फोन आला. दूरच्या प्रयोगशाळेतल्या एक शास्त्रज्ञ बोलत होत्या. फोन स्पीकरवर होता.

"आम्ही तुमचा प्रयोग तसाच्या तसा केला. साखळी मिळत नाही."

"बर्फ पुरेसा गार आहे ना?" बाईंनी विचारलं.

"सगळं तुम्ही सांगितलंय तसंच आहे. फक्त आमचा पंप बिनतेलाचा आहे. तुमचा?"

बाई वळून माझ्याकडे पाहत राहिल्या. मित्रांनो, त्या नजरेत राग नव्हता. दूध उतू जायचा वास आल्यावर बाहेरच्या खोलीतला माणूस जसा थबकतो, तशा त्या थबकल्या होत्या. मग त्या उठल्या, माझ्यापाशी गुडघ्यावर बसल्या आणि माझ्या काचेच्या झरोक्यातून तेल पाहिलं.

दुपारी दादा खाली आले. पुढच्या आठवड्यात मोठ्या सभागृहात त्यांचा सन्मान व्हायचा होता. ते खुशीत होते, नव्या बुटांबद्दल काहीतरी सांगत होते.

"दादा, मला एक चाचणी करायचीय," बाई म्हणाल्या.

"कर की. परवानगी कसली मागतेस?"

"आपली साखळी बर्फातून आली की पंपाच्या तेलातून, ते बघायचंय."

दादा बोलायचे थांबले. "हे तुला आत्ता सुचलं? सगळीकडे डंका पिटून झाल्यावर?"

"आधी सुचायला हवं होतं."

"माझा सन्मान होऊ दे. मग लाव हव्या तेवढ्या चाचण्या."

"आणि तेलच निघालं तर?"

"निघालं तर निघालं! तेव्हा बघू." दादांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "उमेद होती तेव्हापासून त्या रेघेपायी झिजलो, छकू. आता दातसुद्धा माझे राहिले नाहीत. एक दिवस मिळतोय, तो तरी मिळू दे ना."

बाईंनी प्रयोगाची वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तुझा दिवस आहे म्हणूनच आधी करायचीय."

दादा दार न लावताच निघून गेले. नव्या बुटांचा आवाज जिन्यावर वरपर्यंत ऐकू येत राहिला.

चाचणी काय होती ते सांगतो, कारण तिच्यात मोठी युक्ती होती. कार्बनचा एक जड भाऊ असतो. वागणूक तीच, वजन थोडं जास्त. बाईंनी असा वायू मागवला की ज्यातला सगळा कार्बन जड होता, आणि त्याचाच बर्फ केला. कळपात वासरं मिसळली तरी ओळखता यावीत म्हणून मालक आपल्या वासरांना खूण करून ठेवतो ना, तसं हे. बर्फातून जी साखळी बनेल ती जडच असणार, तिचा सुळका पडद्यावर उजवीकडे उभा राहणार. माझ्या तेलात मात्र साधा, हलका कार्बन. सुळका डावीकडे आला तर चोर मी.

सगळ्यात अवघड गोष्ट अशी, की ही चाचणी माझ्याशिवाय होणार नव्हती. साखळी निघाली होती ती माझ्याच संगतीत, तेव्हा पंप बदलून चालणार नव्हतं. ज्याच्यावर आळ त्यानेच पहारा द्यायचा! मी जीव तोडून ओढत होतो. पत्रा तापला होता, पाती कुरकुरत होती. खरं सांगू? उजवीकडे सुळका यावा, असं मला फार वाटत होतं. दादांसाठी वाटत होतं, आणि थोडं माझ्यासाठीही.

बाईंनी पट्टी गरम करायला घेतली तेव्हा दादा आले. बोलावलं नव्हतं. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि बहिणीच्या मागे बसले. पडद्यावर रेषा सपाट होती. मग तिच्यात एक फुगवटा आला, वर चढला, टोकदार झाला.

डावीकडे.

उजवीकडे मुंगीएवढीही हालचाल नव्हती.

"पुन्हा एकदा कर," दादा म्हणाले.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं केलं. दादा त्याच स्टुलावर होते. सुळका पुन्हा डावीकडेच उभा राहिला.

"म्हणजे तेल," दादा म्हणाले.

"तेल."

"चहा मिळेल का गं?"

प्रयोगशाळेत खाण्यापिण्याचं काही आणायला बाईंची सक्त मनाई होती. त्या दिवशी त्यांनी स्वतःच दोन कप आत आणले, आणि ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या डोक्यावर ठेवले. माझा पत्रा तापलेला. चहा बराच वेळ गरम राहिला, पण प्यायलं कुणीच नाही. दादा मधेच म्हणाले, "लहानपणी तू माझी बेरीज तपासायचीस, आठवतं? मला फार राग यायचा." बाई हसायला गेल्या आणि त्यांचा चेहराच मोडला.

सन्मानाच्या दिवशी मी अर्थातच इथेच होतो. मेकॅनिकने आपला फोन माझ्या पाठीवर टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. गौरवाची भाषणं झाली. मग दादा उठले.

"आभार मानण्याआधी एक दुरुस्ती," ते म्हणाले. "ती रेघ खरी आहे. मी ती पाहिली आहे आणि तुम्ही दुर्बीण लावाल तर तुम्हालाही दिसेल. तिला दिलेलं नाव मात्र आज मी मागे घेतो. त्या नावाला जो आधार होता तो आमच्याच पंपाच्या तेलातून आलेला होता. हे माझ्या बहिणीने शोधून काढलं. मी तिला थांबवू पाहत होतो, हेही सांगायला हवं. रेघ कोणाची आहे, ते मला माहीत नाही."

टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना कळेना. एकदोघांनी वाजवल्या आणि थांबले. सन्मानचिन्ह द्यायला आलेले पाहुणे ते हातात धरून उभेच राहिले, असं मेकॅनिक नंतर कुणाला तरी सांगत होता.

मित्रांनो, खरं बोललं की सगळं सुरळीत होतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते पुरतं खरं नाही. दुसऱ्या दिवशीचा मथळा होता, "आकाश शोधलं, तेल सापडलं!" पोरं माझ्या झाकणावर टिचक्या मारून म्हणायची, "हेच ते महाशय." ज्यांनी हार घातले होते ते जिन्यात भेटले तर घड्याळ बघायचे. दादा तळघरात यायचे बंद झाले. वरच्या मजल्यावरही फारसे दिसत नाहीत, असं कानावर येई. बाईंनी नवा बिनतेलाचा पंप आणवला. गुळगुळीत, चंदेरी, आवाज म्हणाल तर मांजराएवढा. मला सोडवून बोळात नेऊन ठेवलं. वर प्लास्टिकचा कागद टाकला. शेजारी पाय मोडलेल्या खुर्च्या होत्या.

त्या बोळात माझ्या अंगावर धूळ साचली. बाई रोज तिथून जायच्या. एकदा आल्या त्या चालता चालता थांबल्या, माझ्यावरचा कागद सारला आणि माझ्याच झाकणावर बसल्या. चपला काढून पाय चोळत राहिल्या. त्याही थकल्या होत्या. नव्या पंपाने ती लांब साखळी पुन्हा कधीच दाखवली नव्हती. एक आखूड, साधासा रेणू मात्र बर्फातून निघाला होता, आणि या वेळी सुळका उजवीकडे होता. बाईंनी तो पुन्हा पुन्हा तपासला. मग एक छोटा लेख लिहिला. त्याचा मथळा कुठे झाला नाही.

पुढे एका सकाळी स्टोअरकीपर हातगाडी घेऊन आला. त्याने मला चढवलं, दोरीने बांधलं. तेवढ्यात दादा जिना उतरून आले. निवृत्त होऊन वरचं टेबल आवरायला आले होते. बाई प्रयोगशाळेच्या दारात होत्या. दोघं किती दिवसांनी समोरासमोर आले होते, कोण जाणे.

"हा कुठे निघाला?" दादांनी विचारलं.

"भंगारात," स्टोअरकीपर म्हणाला. "दोषी पंप, असा शेरा आहे."

"दोष पंपाचा नव्हता," दादा म्हणाले. "आपल्याला तेल लागतं, हे त्याने कधी लपवून ठेवलं नव्हतं."

"सापळा भाजायचं काम माझं होतं," बाई म्हणाल्या. "मी हारतुरे घेत हिंडत होते."

"आणि नाव ठेवायची घाई मला झाली होती. तू तर म्हणत होतीस, थोडं थांबू या."

"एकदाच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं."

स्टोअरकीपर गाडीचा दांडा धरून कंटाळला होता. "ते तुमचं तुम्ही घरी बघा हो. मी शेऱ्यात काय लिहू?"

दादांनी बहिणीकडे पाहिलं. बाईंनी माझ्या अंगावरची दोरी सोडायला घेतली.

"लिहा," त्या म्हणाल्या, "दमलेला आहे. चालू आहे."

तेव्हा दादा हसले. कितीतरी दिवसांनी त्या बोळात कुणी हसलं होतं. मग भावाबहिणींनी मिळून ती गाडी ढकलली. स्टोअरकीपर मागून "जपून, जपून" म्हणत होता.

अशा रीतीने मी या शिकवण्याच्या खोलीत आलो, मित्रांनो. आकाशाचे तुकडे करणं आता माझ्याच्याने होत नाही. तुमच्यासमोर काचेच्या हंडीतली हवा ओढतो. आतल्या घंटेचा आवाज विरत जातो आणि तुम्ही तोंडं वासून बघता, तेवढं पुरे आहे. दादा कधीमधी तुम्हाला शिकवायला येतात. त्या रेघेचं काय झालं, असं तुम्ही विचारता, तेव्हा ते सांगतात की नव्या दुर्बिणींनी तिथे आणखी रेघा पाहिल्या आहेत आणि नाव अजून ठरलेलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज पडत नाही. मी लक्ष देऊन ऐकलं आहे.

आता माझं मागणं. जो न थांबता राबतो, त्याच्याकडे तो चांगला चालला असतानाच एकदा बघून घ्या. यंत्र असो, घरातलं माणूस असो. कौतुक होत असेल त्या दिवसांत तर जरा जास्तच बघा, कारण तेव्हाच विसरायला होतं. आणि तुमचा तास संपला की घंटा होताच दप्तरं उचलून पळू नका. माझं बटण बंद करा, नळीत हवा सोडा आणि मग जा. काल कुणीतरी विसरलं होतं. सकाळपर्यंत मी त्या रिकाम्या हंडीतून ओढतच होतो, आणि ओढायला तिथे काही उरलं नव्हतं.